पत्र्यापेक्षा कागद खरा

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, टूसॉन शहराबाहेर, पिमा एअर अँड स्पेस म्युझियम नावाचं विमानांचं मोठं संग्रहालय आहे. तिथे बी-२४ लिबरेटर जातीचं एक चार इंजिनांचं बॉम्बफेकी विमान उभं आहे. त्याच्या नाकावर ‘बंगी बकारू’ असं नाव रंगवलेलं आहे. बंगी हे इंग्लंडच्या सफोक परगण्यातलं गाव. युद्धकाळात त्याच्या शेजारी अमेरिकन बॉम्बफेकी विमानांचा तळ होता. पाहणाऱ्याची सहज समजूत होते की हेच विमान त्या तळावरून उडून जर्मनीवर जात होतं. प्रत्यक्षात ते भारतीय हवाई दलातलं. १९६८ पर्यंत ते आपल्याकडे सेवेत होतं आणि १९६९ साली भारतातून उडत टूसॉनला पोहोचलं. तिथे त्याला दुसऱ्याच एका विमानाचा रंग, दुसऱ्याचं नाव आणि दुसऱ्याचा भूतकाळ मिळाला. शेजारच्या माहितीच्या पाटीवर काहीही लिहिलं, तरी माणसाचा डोळा विश्वास ठेवतो तो समोरच्या रंगावर.

या विमानाची खरी गोष्ट घडली ती कानपूरला. दुसरं महायुद्ध संपल्यावर ब्रिटिश हवाई दलाकडची कितीतरी लिबरेटर विमानं कानपूरच्या चकेरी तळावर आणून टाकली होती. अमेरिकेने ती युद्धापुरती दिलेली, त्यामुळे युद्धानंतर ती कोणाच्या कामी येऊ नयेत अशी व्यवस्था करणं भाग होतं. म्हणून इंजिनांत वाळू ओतली गेली, उपकरणं फोडली गेली, काही विमानांना अवजड यंत्रांनी धडका दिल्या गेल्या. १९४८ साली बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनी त्या भंगारातून विमानं निवडली. एकाचा भाग दुसऱ्याला जोडत ती निदान एकदा उडतील इतपत सावरली, आणि कंपनीचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती एकामागून एक बंगळूरला उडवत नेली. तिथे पुरती दुरुस्ती होऊन चाळीसच्या आसपास लिबरेटर भारतीय हवाई दलात दाखल झाली. पाचव्या आणि सहाव्या स्क्वॉड्रनने ती वापरली. सहावी स्क्वॉड्रन तेव्हा आपल्या पुण्याची, लोहगावची. समुद्रावर टेहळणीचं काम तिच्याकडे होतं. नव्या देशाचं जड बॉम्बफेकी दल असं दुसऱ्यांनी मुद्दाम मोडून ठेवलेल्या विमानांतून उभं राहिलं. आपल्या कारागिरीच्या इतिहासातली ही फार मोठी गोष्ट आहे असं मी मानतो, आणि ती शाळेच्या एकाही पुस्तकात का नसावी याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता या गोष्टीचा पुरावा शोधायचा तर कुठे? जगात आज शिल्लक असलेल्या मोजक्या लिबरेटरांपैकी अनेक भारतीय हवाई दलातून गेलेली आहेत. ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममधलं एक आहे. अमेरिकेत उडत्या स्थितीत राखलेलं एक आहे. त्याला आजवर ‘ऑल अमेरिकन’, ‘विचक्राफ्ट’ अशा वेगवेगळ्या युद्धकालीन विमानांची रूपं देऊन झाली. ज्या वीस वर्षांमुळे ही विमानं वाचली, तीच वीस वर्षं त्यांच्या अंगावरून पुसली गेली. ती वर्षं जिवंत आहेत फक्त फोटोंत. पत्र्यावर ऊन पडलेलं लिबरेटर, शेपटीवर तिरंगी पट्टी, ‘एचई’ने सुरू होणारा भारतीय क्रमांक, पंखाखाली सावलीत बसलेले अर्ध्या चड्डीतले एअरमन.

जुन्या लष्करी विमानांच्या फोटोंचे दर्दी लोक जगभर आहेत, आपल्याकडेही थोडे नाहीत. त्यांचा शौक हा विमानांच्या शौकाची दुय्यम आवृत्ती मानला जातो: प्रत्यक्ष विमान पाहायला मिळत नाही म्हणून फोटोवर भागवायचं. मला हे साफ चुकीचं वाटतं. विमान दुरुस्त होतं, रंगवलं जातं, त्याचे भाग बदलतात. आज उडणाऱ्या कित्येक स्पिटफायर लढाऊ विमानांत कारखान्यातून पहिल्यांदा बाहेर पडलेल्या धातूचा अंश फार थोडा उरलेला असतो. फोटोतलं विमान मात्र त्या एका दिवसाचंच राहतं, त्या दिवशीच्या तेलाच्या ओघळासकट. इतिहासाचा अस्सल अवशेष कोणता, असा प्रश्न आला तर मी हँगरमधल्या चकचकीत विमानाच्या आधी खिशात मावणाऱ्या त्या काळ्यापांढऱ्या प्रिंटचं नाव घेईन. अट एकच: तो प्रिंट वाचणारं कोणीतरी हवं. ते वाचणं हे दर्दी माणसाचं काम आहे, आणि त्याच्या बारीक नजरेला आपण छंदिष्टपणा म्हणून बाजूला सारतो तेव्हा इतिहासाचंच नुकसान करतो.

ही नजर काय करते ते पाहण्यासारखं आहे. भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ची. पहिली तुकडी १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळच्या द्रिग रोडला वापिती विमानं घेऊन उभी राहिली. तेव्हापासून १९५० पर्यंत विमानावरची गोल खूण इतक्यांदा बदलली की तारीख नसलेल्या फोटोचा काळ त्यावरून ठरवता येतो. आधी ब्रिटिश पद्धतीचं लाल-पांढरं-निळं वर्तुळ. मग ब्रह्मदेशाच्या लढाईत त्यातला लाल ठिपका गेला. जपानी विमानांवर लाल सूर्य असायचा आणि लढाईच्या धांदलीत लाल दिसताच आपलीच माणसं आपल्याच विमानावर गोळ्या झाडतील अशी भीती होती. त्यामुळे इंफाळच्या धावपट्टीवरच्या हरिकेन विमानाच्या धडावर फक्त निळ्याच्या दोन छटा दिसतात. स्वातंत्र्यानंतर थोडा काळ अशोकचक्र आलं आणि १९५०च्या सुमारास आजचं केशरी-पांढरं-हिरवं वर्तुळ. म्हणजे धडावर अशोकचक्र असलेलं स्पिटफायर किंवा टेम्पेस्ट फोटोत दिसलं, तर तो क्षण स्वातंत्र्य आणि प्रजासत्ताक यांच्यामधल्या अडीच वर्षांतला, हे मागे काहीही लिहिलेलं नसताना कळतं. ज्याला ही खूण ठाऊक नाही त्याच्यासाठी ते ‘एक जुनं विमान’ असतं.

गोव्यात बोगमाळ्याच्या रस्त्यावर नौदलाचं विमानसंग्रहालय आहे. तिथे उघड्यावर एक सुपर कॉन्स्टेलेशन उभं आहे, तीन शेपट्यांचं, माशासारखी कमनीय पाठ असलेलं. हे आधी एअर इंडियाचं प्रवासी विमान. साठच्या दशकाच्या सुरुवातीला एअर इंडियाने बोइंग जेट घेतली तेव्हा ही विमानं हवाई दलाकडे आली आणि पुण्याच्या त्याच सहाव्या स्क्वॉड्रनमध्ये लिबरेटरांच्या शेजारी उभी राहिली. १९७६ साली ती नौदलाकडे, दाबोळीला गेली. समोरचा पत्रा फक्त शेवटचा अध्याय सांगतो. तिन्ही काळांतले फोटो शेजारी ठेवले, तरच कळतं की साहेबी प्रवाशांची शॅम्पेन वाहणारं विमान पुढे समुद्रावर पाणबुड्या शोधत होतं.

बारकाव्यांचा हा हट्ट कुठवर जातो याचं एक उदाहरण सांगतो, कारण माझ्या मते त्यात या सगळ्या शौकाचं सार आहे. जुलै १९४४. इंग्लंडमधल्या केंब्रिजशायरच्या बॉटिशम तळावरच्या ३६१व्या फायटर ग्रुपची चार मस्टँग विमानं एका बी-१७ बॉम्बफेकी विमानाच्या शेजारून उडत आहेत आणि त्यातून कोणीतरी त्यांचे रंगीत फोटो काढतं आहे. पिवळी नाकं, नॉर्मंडीच्या चढाईसाठी रंगवलेले काळेपांढरे पट्टे, खाली ढग. ‘बॉटिशम फोर’ म्हणून हे फोटो जगभरच्या विमानशौकिनांना पाठ आहेत. या विमानांच्या पाठीवरचा रंग कोणता यावर कित्येक दशकं वाद चालू आहे. काही प्रतींत तो स्पष्ट निळा दिसतो. कोणी म्हणतं, त्या तळावर निळा रंग खरंच वापरला गेला. कोणी म्हणतं, तो गडद हिरवाच. उंचावरच्या प्रकाशातली निळाई, फिल्मचा स्वभाव आणि छपाईच्या दर खेपेला सरकत गेलेली छटा यांनी तो निळा केला. आज अभ्यासकांचा कल हिरव्याकडे अधिक आहे, पण वाद मिटलेला नाही.

बाहेरच्या माणसाला हा वाद पोरकट वाटेल. चार विमानांच्या पाठीच्या रंगासाठी आयुष्यातली इतकी वर्षं घालवायची? पण वादात भाग घेणाऱ्यांनी काय काय केलं ते बघा. मूळ पारदर्शिकेपासून कोणती प्रत किती पिढ्या दूर आहे, हे त्यांनी लावून काढलं. तळावरच्या रंगकाम करणाऱ्यांना आणि वैमानिकांना गाठून विचारलं. एकाच दिवसाच्या वेगवेगळ्या फोटोंत तीच छटा कशी बदलते ते मोजलं. कोणत्याही इतिहासकाराने पुराव्याची जी चिकित्सा करावी ती हीच. आणि ती करताना आणखी एक गोष्ट घडली. सर्वांत पुढच्या विमानावर ‘लू फोर’ असं नाव आहे. ते ग्रुपचे प्रमुख कर्नल थॉमस ख्रिश्चन यांचं विमान. नाव त्यांच्या तान्ह्या मुलीचं, जिला त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. १२ ऑगस्ट १९४४ रोजी फ्रान्समधल्या रेल्वे यार्डावरच्या हल्ल्यात ते याच विमानात मारले गेले. फोटो काढल्यानंतर महिनाही पुरता लोटला नव्हता. रंगाचा वाद घालणाऱ्या माणसाला हे ठाऊक असतं, कारण रंग ठरवायचा तर विमान कोणतं ते ठरवावं लागतं, आणि विमान ठरलं की माणूस समोर येतो. ‘दुसऱ्या महायुद्धातली लढाऊ विमानं’ एवढ्यावर समाधान मानणाऱ्याला तो माणूस कधीच भेटत नाही.

म्हणूनच जुन्या काळ्यापांढऱ्या फोटोंना संगणकाकडून रंग भरून घेण्याची जी लाट आली आहे तिच्याविरुद्ध मी ठाम आहे. त्या काळातल्या बऱ्याचशा फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक होत्या. त्यांना लाल रंग जवळजवळ दिसायचाच नाही. लाल आणि पिवळा काळपट उतरायचा, निळा फिकट. १९४०च्या उन्हाळ्यातल्या ब्रिटिश लढाऊ विमानांच्या काही फोटोंत वर्तुळाची बाहेरची पिवळी कडा चक्क काळी दिसते ती यामुळे. पहिल्या महायुद्धातल्या जर्मन विमानांचे रंग ठरवताना अभ्यासकांची दमछाक होते तीही याच कारणाने. लाल भडक विमान फोटोत जवळजवळ काळं. दर्दी माणूस आधी फिल्म कोणती ते विचारतो, मग करड्या छटेचा अर्थ लावतो. संगणक करडी छटा बघतो आणि लाखो इतर चित्रांवरून अंदाज ठोकतो. निकाल डोळ्यांना सुखावतो आणि पुरावा म्हणून मातीमोल होतो. वाईट म्हणजे काही वर्षांत मूळ फोटो मागे पडतो आणि रंगवलेलाच सगळीकडे फिरतो. ज्यांना रंग भरायचेच आहेत त्यांनी भरावेत, पण मूळ प्रत शेजारी ठेवल्याशिवाय तो कुठेही छापू नये, असा दंडक संपादकांनी स्वतःला घालून घ्यायला हवा.

ही नजर निरुपद्रवी छंदापलीकडे काय करू शकते, याचा इतिहासातला मोठा दाखला कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ यांचा. युद्धाआधी त्या ‘द एरोप्लेन’ या इंग्रजी नियतकालिकात विमानांवर हौसेने लिहीत. युद्धात त्या मेडमेनहॅम इथल्या केंद्रात दाखल झाल्या, जिथे शत्रूच्या मुलखावरून काढून आणलेल्या हवाई फोटोंचा अर्थ लावला जायचा, आणि तिथल्या विमानांच्या विभागाच्या प्रमुख झाल्या. बाल्टिक किनाऱ्यावरच्या पेनेम्युंडे या जर्मन प्रयोगस्थळाच्या १९४३च्या फोटोंत त्यांनी एका उताराच्या टोकाला क्रॉसच्या आकाराचा इवलासा ठिपका हेरला. ते व्ही-१ हे विनावैमानिक उडतं अस्त्र होतं. फ्रान्सच्या किनाऱ्यावर उभारल्या जात असलेल्या उतारांचा अर्थ त्यामुळे पक्का झाला, कारण त्या जागांचा रोखही लंडनकडे होता. तासन् तास भिंगातून पंखांच्या आकारातला फरक ओळखत बसण्याची सवय त्यांना सैन्याने लावली नव्हती. ती आधीच्या आवडीतून आलेली होती.

इथे मात्र थांबून फोटोची मर्यादाही सांगितली पाहिजे, नाहीतर माझं म्हणणं अर्धवट राहील. सप्टेंबर १९६५ मध्ये स्क्वॉड्रन लीडर ब्रिजपाल सिंह सिकंद यांचं नॅट विमान पाकिस्तानातल्या पसरूरच्या धावपट्टीवर उतरलं. आज ते कराचीच्या हवाई दल संग्रहालयात आहे आणि त्याचे फोटो सगळ्या जगाने पाहिले आहेत. क्रमांक स्पष्ट वाचता येतो: आयई १०८३. पाकिस्तानचं म्हणणं, आमच्या विमानाने त्याला शरण यायला लावलं. आपल्याकडची हकिकत वेगळी: चकमकीत सिकंद साथीदारांपासून तुटले आणि धावपट्टी आपलीच समजून उतरले. फोटो एवढंच सांगतो की विमान धडधाकट उतरलं. का उतरलं, ते सांगत नाही. खरा दर्दी या रेषेवर थांबतो. राष्ट्राभिमानाने भारलेला माणूस थांबत नाही, मग तो कोणत्याही बाजूचा असो. पी. व्ही. एस. जगन मोहन आणि समीर चोप्रा यांनी २००५ साली १९६५च्या भारत-पाक हवाई युद्धाचा जो इतिहास लिहिला त्याची ताकद मला इथेच वाटते. चोप्रा तर तेव्हा पेशाने तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. दोन्ही बाजूंचे दावे क्रमांकानिशी तपासत जायचं, जिथे पुरावा संपतो तिथे वाक्यही संपवायचं. ही शिस्त हौशी मंडळींनी घालून दिली, आणि सरकारी इतिहासाला तिच्याकडून शिकण्यासारखं बरंच आहे.

या शौकावरचा सर्वांत गंभीर आक्षेप नैतिक आहे, आणि तो टाळून चालणार नाही. ही विमानं माणसं मारण्यासाठी बनली. त्यांच्या रेषांचं सौंदर्य न्याहाळणं, त्यांच्या पत्र्यावरच्या उन्हाचं कौतुक करणं, यात आपण मेलेल्यांकडे पाठ फिरवत नाही का? चार्ल्स ब्राउन यांच्यासारख्या कसबी छायाचित्रकाराने ढगांच्या वर टिपलेली स्पिटफायरांची ओळ बघताना हा प्रश्न मनात येत नाही, कारण ती रक्षणासाठी लढली. पण एनोला गे? हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकलेलं ते बी-२९. त्याच्या कॉकपिटच्या खिडकीतून हात हलवणाऱ्या वैमानिक पॉल टिबेट्स यांचा फोटो शौकिनांच्या प्रत्येक संग्रहात असतो. १९९५ साली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय विमान आणि अवकाश संग्रहालयाने या विमानाभोवती हिरोशिमाच्या बळींसह पूर्ण प्रदर्शन मांडायचं ठरवलं, तेव्हा माजी सैनिकांच्या संघटना आणि अमेरिकी काँग्रेसच्या दबावाखाली ते रद्द झालं आणि संचालक मार्टिन हार्विट यांना पद सोडावं लागलं. विमान तेवढं मांडलं गेलं. विमानाचं कौतुक माणसांच्या मृत्यूवर पांघरूण कसं घालू शकतं, याचं याहून स्पष्ट उदाहरण नाही.

तरीही माझं म्हणणं असं की यावरचा इलाज कमी बघणं हा नाही, अधिक बघणं हा आहे. एनोला गेच्या फोटोकडे सावकाश बघा. इतर बी-२९ विमानांच्या पाठीवर आणि पोटाखाली बंदुकांचे घुमट असतात. इथे शेपटीच्या बंदुका सोडल्या तर बाकी सगळं काढून टाकलेलं आहे, जागा झाकून पत्रा सपाट केलेला आहे. वजन कमी करायचं, उंच जायचं आणि बॉम्ब सोडताच वळून लांब पळायचं. शेपटीवर गोलात ‘आर’ हे अक्षर आहे. ती या तुकडीची खूण नाही, दुसऱ्या बॉम्ब ग्रुपची आहे, शत्रूला फसवण्यासाठी उसनी घेतलेली. म्हणजे त्या चंदेरी पत्र्यावरच सगळा बेत लिहिलेला आहे: हे विमान लढायला निघालेलं नाही, एका प्रचंड स्फोटापासून स्वतः वाचायला सज्ज आहे. हे वाचल्यावर त्याला सुंदर म्हणणं जड जातं. आणि मग खालची बाजू बघावी. विमानाचे फोटो अनेक आहेत. त्या दिवशी हिरोशिमात योशितो मात्सुशिगे नावाचा स्थानिक वर्तमानपत्राचा छायाचित्रकार कॅमेरा घेऊन फिरत होता. मियुकी पुलाजवळ भाजलेल्या मुलांकडे बघून त्याचा हात खटका दाबायला धजावत नव्हता. दिवसभरात त्याच्याकडून उपयोगी असे पाचच फोटो निघाले. एनोला गेचा फोटो जिथे जिथे छापला जाईल तिथे शेजारच्या पानावर मात्सुशिगेचा एक तरी असावा, अशी माझी अपेक्षा आहे. विमानांचे संग्राहक हे सहज करू शकतात. तारखेनिशी, जागेनिशी फोटो जुळवणं हेच तर त्यांचं काम.

वरून आणि खालून यांच्यामधला एक तिसरा प्रकार आहे, ज्याच्याबद्दल फार थोडं बोललं जातं: गन कॅमेऱ्याचा फोटो. बंदुकीच्या खटक्याबरोबर हा कॅमेरा चालू होतो. तो कोणी काढत नाही. मारण्याच्या कृतीतूनच तो निघतो. २२ नोव्हेंबर १९७१ रोजी आजच्या बांगलादेशच्या सीमेजवळ बोयऱ्यावर बाविसाव्या स्क्वॉड्रनच्या चार नॅट विमानांनी पाकिस्तानी सेबर विमानांना गाठलं. मॅसी, गणपती, सोरेस, लॅझारस हे वैमानिक. त्यांच्या गन कॅमेऱ्यातली चित्रं वर्तमानपत्रांत झळकली: धुरकट चौकट, मधोमध पंख पसरलेली एक आकृती, पाठोपाठच्या चौकटीत तिच्या अंगातून फुटणारा धूर. त्या पडलेल्या विमानांपैकी एकातला वैमानिक हवाई छत्रीने उतरला आणि कैद झाला. त्याचं नाव परवेझ मेहदी कुरेशी, आणि पुढे १९९७ साली तो पाकिस्तानी हवाई दलाचा प्रमुख झाला. लॅझारस यांनी त्याला अभिनंदनाचं पत्र धाडलं आणि त्याचं उत्तरही आलं. ही चित्रं आपण विजयाचा पुरावा म्हणून मिरवतो. मिरवावीत, तो विजय खराच होता. पण त्या धुरकट आकृतीत बसलेल्या माणसाचं नाव माहीत असताना ती बघणं वेगळं असतं. शौकिनाने नाव शोधावं, ते याचसाठी.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. विमानतळावर परवानगीवाचून फोटो काढायला बंदी हा इथला जुना नियम, १९३७च्या विमान नियमावलीपासूनचा. लोहगावला प्रवासी विमान उतरताना आजही फोटो काढू नका अशी घोषणा होते. सुरक्षेचं कारण मला मान्य आहे. पण परिणाम असा की इंग्लंडमध्ये तळाच्या कुंपणाबाहेर वही आणि कॅमेरा घेऊन उभ्या राहणाऱ्या पोरांच्या पिढ्यांनी जो खजिना गोळा केला, तसा आपल्याकडे होऊच शकला नाही. आपले फोटो दोनच ठिकाणी आहेत: सरकारी कपाटांत आणि सेवेत असलेल्या माणसांच्या घरांत.

घरांतला साठा वेगाने संपतो आहे. त्यात वैमानिकांपेक्षा एअरमन जास्त: फिटर, इन्स्ट्रुमेंटवाले, शस्त्रं लावणारे. सातारा, कोल्हापूर, अहिल्यानगरकडची, कोकणातली कितीतरी मुलं हवाई दलात आणि नौदलात तांत्रिक कामाला गेली, पुढे काही ओझरच्या मिग कारखान्यात लागली. त्यांच्या कपाटात काळ्या जाड पानांचा अल्बम असतो, पानांमध्ये पातळ बटरपेपर, फोटोच्या चार कोपऱ्यांना कागदी टोप्या. टूलबॉक्सवर पाय ठेवून, पंखाच्या मुळाशी हात टेकून काढलेले फोटो. मागे निळ्या शाईत एखादं गाव, एखादं वर्ष, कधी फक्त ‘मी आणि पिल्ले’. म्हातारा जातो, घर रिकामं करायची वेळ येते, मुलं अल्बममधले चार ‘चांगले’ फोटो मोबाइलवर टिपून घेतात, बाकीचं रद्दीत. मोबाइलवरचा फोटो कडा कापून येतो. त्या कडेलाच शेपटीचा क्रमांक असतो. मागची बाजू तर कोणी टिपतच नाही.

म्हणून फोटो बघण्याइतकंच महत्त्व मी तो जपण्याला देतो, आणि जपण्याचे नियम साधे आहेत. फोटो अल्बममधून उपटायचा नाही. पुढची आणि मागची, दोन्ही बाजू पूर्ण स्कॅन करायच्या, पांढऱ्या किनारीसकट. मागे काही लिहायचं तर मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनने कधीच नाही. निगेटिव्ह मिळाली तर ती प्रिंटपेक्षा मोलाची, कारण तिच्या कडेवर फिल्मचं नाव छापलेलं असतं आणि त्यावरून छटेचा अर्थ लागतो. आणि फोटोतला माणूस हयात असेल तर विमानाबद्दल विचारण्याआधी शेजारी उभ्या असलेल्यांची नावं विचारायची. क्रमांकावरून विमान नंतरही सापडतं. ‘पिल्ले’ कोण, हे सांगणारा एकच माणूस उरलेला असतो.

सरकारी कपाटांचं बोलायचं तर संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये युद्धविषयक कागदपत्रं साधारण २५ वर्षांनी खुली करण्याचं आणि ती राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवण्याचं धोरण मंजूर केलं आहे. १९७१चं युद्ध केव्हाच या मुदतीबाहेर गेलं. धोरणाच्या अंमलबजावणीत कागदांबरोबर फोटो आणि गन कॅमेऱ्याच्या फिती यांचाही स्पष्ट समावेश व्हायला हवा, मूळ नोंदींसकट, आणि त्यांची ओळख पटवण्याचं काम करताना निवृत्त एअरमन आणि हौशी अभ्यासकांना हक्काने बोलवायला हवं. चकेरीच्या भंगारातून लिबरेटर बाहेर काढणाऱ्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कामगारांचे फोटोही कुठल्यातरी फाइलमध्ये असतील, तर ते आधी शोधायला हवेत. त्यांची ओळख पटवू शकणारी माणसं, त्यांची मुलं, आता सत्तरीच्या पुढे गेली आहेत.